थंडीत पिवळा पडलेला विंडमिल पाम: आर्वी तालुक्यातल्या एका अंगणाचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका शेतकरी कुटुंबानं पोळ्याच्या सुमारास अंगणात विंडमिल पाम लावला. रोप सव्वातीन फूट उंच, त्यात खोड वीतभर, उघडी पानं नऊ. जात निवडताना विचार झाला होता. त्याच जागचा अरेका पाम दोन हिवाळ्यांत करपत करपत गेला होता आणि परसातला नारळ दर जानेवारीत पिवळा पडत होता. म्हणून या वेळी थंडी सोसणारा पाम हवा होता. विंडमिल पाम थंडी सोसतो, यात खोटं काही नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार-पाच रात्री पारा ८ अंशांच्या आसपास उतरला आणि झाड बिघडलं. वरची दोन नवी पानं फिकट पिवळी, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या. खालच्या तीन पानांची टोकं तपकिरी, बाकीचा भाग मलूल. "झाडाले थंडी लागली वाटते," असं घरातल्या आजींनी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. डिसेंबरपासून शेंड्याला एक गोणपाट गुंडाळलेलं होतंच, त्यावर दुसरं आलं. बोअरचं पाणी थंडीत कोमट लागतं, म्हणून रोज पहाटे आळ्यात पाइप सोडला जाऊ लागला. आठ-दहा दिवसांत आणखी दोन पानं गेली.

या झाडाला थंडीनं काहीही केलेलं नव्हतं. आंध्रातून किंवा उत्तरेतून आणलेले असे पाम विदर्भातल्या गावांमध्ये नेमके याच क्रमानं मरतात, आणि दोष दर वेळी डिसेंबर-जानेवारीवर जातो. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडलं आहे.

थंडीचा हिशेब

विंडमिल पाम, शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी, हा मूळ चीनच्या डोंगराळ भागातला. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतीसंग्राहकानं १८४९ मध्ये तिथून रोपं इंग्लंडला पाठवली, त्याचंच नाव या जातीला मिळालं. मुळं नीट बसलेलं मोठं झाड उणे १२ ते उणे १५ अंशांपर्यंत तग धरतं. त्याचे भाऊबंद आपल्या देशातही आहेत: कुमाऊँच्या डोंगरात टाकिल पाम, दार्जिलिंग-कालिम्पाँगकडे लॅटिसेक्टस, खासी टेकड्यांत मार्शियानस.

आता आपल्याकडचा पारा पाहा. नागपूरचं नोंदलेलं नीचांकी तापमान ३.५ अंश, २९ डिसेंबर २०१८ चं. त्याच शहराचा उच्चांक ४७.९ अंश, २३ मे २०१३ चा. म्हणजे विदर्भाची सगळ्यात कडक रात्रसुद्धा या झाडाच्या सोसण्यापासून कितीतरी लांब आहे, आणि विदर्भाचा मे महिना मात्र त्याच्या सोयीच्या बाहेर. लेबलवर 'थंडी सोसणारा' लिहिलेलं असतं ते खरंच असतं. पण इथे झाडाला पेपर येतो तो काळ्या मातीचा, ऑगस्टमधल्या साचलेल्या पाण्याचा आणि नवतप्याचा, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांचा. खरेदी करताना प्रश्न या तिन्हींबद्दल विचारायला हवेत.

थंडीचा एक परिणाम मात्र होतो. माती साधारण १८ अंशांच्या खाली गेली की पामची नवी मुळं फुटणं जवळजवळ थांबतं आणि झाड पाणी कमी उचलतं. उन्हाळ्यात जे पाणी झाड पिऊन टाकतं, तेच पाणी जानेवारीत मुळांशी पडून राहतं.

तपासणी कशी झाली

पहिली तपासणी शेंड्याची. पामला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेलं. आंबा-लिंबासारखी बाजूनं फूट येत नाही. मधलं मिटलेलं पान दोन बोटांत धरून हलकेच वर ओढायचं. उपटून हातात आलं, बुडाशी मऊ असलं आणि सडका वास आला, तर कोंबकूज. इथे पान घट्ट होतं. गोणपाट काढल्यावर मात्र पानांच्या बेचक्यात बुरशीचा पांढरट थर दिसला. गोणपाट रात्रीचं दव धरून ठेवत होतं आणि दिवसा वारा लागू देत नव्हतं. ते त्याच दिवशी काढलं आणि शेंड्यात कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला ३ ग्रॅम, असं पाव लिटर ओतलं. एकदाच. वारंवार ओतलं तर तांबं कोवळ्या पानाला भाजतं.

जगण्याची खूण पाहायला त्याच वेळी मार्करनं एक रेघ मारली: मिटलेल्या पानावर आणि त्याला लागून असलेल्या उघड्या पानाच्या देठावर, एकाच पातळीत. पुढच्या पंधरा दिवसांत मिटलेल्या पानावरची रेघ वर सरकली तर कोंब जिवंत. पाम आजारी पडल्यावर घरात रोज जो वाद होतो, 'जगलं की मेलं', तो या रेघेनं मिटतो. इथे पंधरा दिवसांत रेघ अर्धा सेंटिमीटर सरकली.

दुसरी तपासणी: कोणती पानं पिवळी, जुनी की नवी? पामच्या बाबतीत अर्धं निदान इथेच होतं. पोटॅश आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं, म्हणून त्यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. पोटॅशची असेल तर नारिंगी-पिवळे ठिपके आणि जळकी टोकं. मॅग्नेशियमची असेल तर कडेनं रुंद पिवळा पट्टा आणि मधला भाग हिरवा. लोह आणि मँगनीज एकदा पानात बसले की हलत नाहीत, म्हणून त्यांचा तुटवडा वरच्या नव्या पानांवर उमटतो. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह. नवं पान आखूड, चुरगळल्यासारखं आणि वाळक्या रेघांचं आलं तर मँगनीज.

या झाडाची नवी पानं लोह मागत होती. इथे बहुतेक जण कृषी केंद्रातून सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी आणून फवारतात आणि काम झालं असं समजतात. पामला लोह कमी पडतं ते बऱ्याचदा मातीत लोह नाही म्हणून नव्हे, तर मुळांना हवा नाही म्हणून, किंवा खोड खोल पुरलं म्हणून. गुदमरलेलं मूळ लोह उचलू शकत नाही. म्हणून पिवळं नवं पान दिसलं की आधी फावडं घ्यायचं.

फावड्यानं जे दिसलं ते असं. खोडाचा बुंधा चार बोटांहून जास्त, जवळपास १२ सेंटिमीटर मातीखाली होता. लावताना झाड हलू नये म्हणून भोवती माती दाबली होती. झाडापासून दीड फुटावर सब्बलनं भोक पाडलं तर ४० सेंटिमीटरवर चिखल लागला आणि तासाभरात भोकात पाणी जमलं. वास नालीसारखा. खालची मुळं तपकिरी. बोटांत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून येत होती आणि आत फक्त दोरा उरत होता. वरच्या दहा सेंटिमीटरमधली काही मुळं मात्र पांढरी आणि कडक होती. तीच झाडाला जगवत होती.

चूक कुठे झाली

खड्डा ३ बाय ३ बाय ३ फुटांचा घेतला होता, जसा आंब्याला घेतात. त्यात निम्मं शेणखत आणि निम्मी भुसभुशीत माती भरली होती. हलक्या जमिनीत हे चालून जातं. काळ्या भारी मातीत चालत नाही. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि मग तिच्यातून पाणी उतरत नाही. अशा मातीत मोठा खड्डा खणून त्यात मोकळं मिश्रण भरलं की ते सिमेंटचं टाकं बांधल्यासारखं होतं. आजूबाजूचं पाणी मोकळ्या भागात येतं आणि तिथून जायला त्याला वाट नसते. जितका खड्डा मोठा आणि जितकं शेणखत जास्त, तितकी मुळं लवकर सडतात, कारण पाण्याखाली दबलेलं शेणखत कुजताना उरलीसुरली हवाही खाऊन टाकतं.

त्यात रोप जुन्या मातीच्या गोळ्यासकट बसवलं होतं. आंध्रातल्या कडियम पट्ट्यातून येणाऱ्या रोपांना बहुधा चिकट लाल मातीचा गोळा असतो. लाल गोळा, भोवती मोकळं शेणखत, त्याबाहेर काळी माती: तीन थर, तिघांची पाणी धरण्याची रीत वेगळी.

आणखी एक गोष्ट पाचव्या फुटावर होती. न्हाणीचं पाणी त्याच आळ्याकडे वळवलं होतं. साबण आणि कपड्याच्या सोड्यातलं सोडियम काळ्या मातीला अजून घट्ट करतं. शेताच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू (पीएच) ८.२ होता, अंगणातली माती त्याहून सौम्य असण्याचं कारण नव्हतं.

लावण्यापूर्वी एक साधी चाचणी केली असती तर हे सगळं आधीच कळलं असतं. दीड फूट खोल-रुंद खड्डा घ्यायचा आणि पाण्यानं काठोकाठ भरायचा. पहिलं पाणी मोजायचं नाही, ते भेगांत जातं. ते मुरल्यावर लगेच दुसऱ्यांदा भरायचा आणि आत काडी उभी करून तासाला पाणी किती उतरतं ते पाहायचं. तासाला अडीच-तीन सेंटिमीटर उतरलं तर जमिनीत लावा. त्याहून कमी असेल तर जमिनीवर लावा, म्हणजे उंचवट्यावर. या अंगणात नंतर चाचणी केली तेव्हा दुसऱ्या भरण्याचं पाणी तासात नखभरही उतरलं नाही.

फेब्रुवारी: झाड बाहेर काढणं

जानेवारीत झाड उपटायचं नव्हतं, कारण थंड मातीत नवं मूळ फुटत नाही. तोवर पाणी पूर्ण बंद केलं, न्हाणीची नाली वळवली, बुंध्यावरची जास्तीची माती हातानं बाजूला केली आणि आळ्याच्या उताराकडच्या बाजूनं दोन फूट खोल चर काढला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दिवसाचं ऊन चढायला लागल्यावर झाड काढलं.

थेट उंचवट्यावर का लावलं नाही? निम्म्याहून जास्त मुळं गेलेलं झाड मार्चमध्ये उघड्यावर लावलं तर एप्रिलच्या झळा त्याला सोसत नाहीत. म्हणून उन्हाळाभर ड्रममध्ये आणि पावसाळ्यात जमिनीवर, असा दोन टप्प्यांचा मार्ग घेतला. घाई असलेल्या माणसाला हे लांबण वाटेल, पण सडलेल्या मुळांच्या पामसाठी विदर्भात आम्हाला दुसरा भरवशाचा रस्ता माहीत नाही.

२०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम आडवा मधोमध कापला. खालच्या अर्ध्याला बुडाला आठ आणि बुडालगतच्या कडेला सहा भोकं पाडली, प्रत्येक बोटाएवढं जाड. भोकांवर खडीचा थर देऊ नका. त्यानं निचरा वाढत नाही, उलट वरचं मिश्रण जास्त वेळ ओलं राहतं. भोकांवर जाळीचा तुकडा पुरतो. मिश्रण असं: चाळलेला मुरूम ४ भाग (ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढा), पोयट्याची माती २, कोकोपीट २, दोन वर्षं कुजलेलं शेणखत १. ड्रम आधी जागेवर ठेवा, मग भरा. भरल्यावर तो दोन माणसांनाही हलत नाही.

मुरूम घेताना एक काळजी घ्यावी लागते. विदर्भात पांढरट, चुनखडीचा मुरूम खूप मिळतो आणि तो स्वस्तही पडतो. त्यावर लोहाचा तुटवडा कधीच जात नाही. मूठभर मुरूम वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. फेस आला, बुडबुडे उठले तर चुना आहे. तो मुरूम रस्त्याला घाला. या घरानं आणलेला पहिला ढीग असाच फसफसला आणि परत करावा लागला. दुसरा, तांबूस मुरूम शांत राहिला.

झाड काढताना बुंध्यापासून दीड फुटावर गोल चर घेतला आणि खालून सब्बलनं गोळा सोडवला. पाइपच्या हलक्या धारेनं माती धुतली. कात्रीचं पातं स्पिरिटनं पुसून सडलेली मुळं पांढऱ्या भागापर्यंत कापली. उरलेली मुळं कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या लिटरला ३ ग्रॅमच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवली. पानांपैकी पूर्ण वाळलेली तेवढीच काढली. अर्धं पिवळं पान विद्रूप दिसतं, पण झाड अजून त्यातून पोटॅश शोषत असतं. ते कापलं की कमतरता वरच्या पानावर चढते. खोडाभोवतीचा काथ्या काढायचा नाही. साफ दिसावं म्हणून काही लोक तो सोलतात आणि मग एप्रिलचं ऊन उघड्या खोडाला भाजतं. पामच्या खोडावरची जखम कधी भरून येत नाही, कारण साल नव्यानं धरणारा थर त्याला नसतोच.

बुंधा मिश्रणाच्या पातळीत ठेवला, एक इंचभर खाली असला तर चालतो. झाड हलू नये म्हणून तीन बांबूंचा तिपाई आधार दिला. माती दाबून आधार द्यायचा नाही. पहिल्या वेळी तीच चूक झाली होती.

ड्रम घराच्या पूर्वेला, कडुनिंबाच्या सावलीत ठेवला. सकाळचं ऊन अकरापर्यंत, पुढे सावली. निळा ड्रम उन्हात तापला की आतली मुळं शिजतात, म्हणून बाहेरून चुना लावला आणि वर तेच गोणपाट गुंडाळलं, जे आधी शेंड्याला होतं. पाणी ठरावीक वारी नाही, तर सळई पाहून. आठ मिलिमीटरची लोखंडी सळई वीतभर आत खुपसायची, मिनिटभर ठेवून काढायची. ओली माती चिकटून आली तर थांबायचं. कोरडी आली तर पाणी द्यायचं, ड्रमच्या भोकांतून बाहेर येईपर्यंत. मार्चमध्ये हे चार दिवसांनी येत होतं, मेमध्ये एक दिवसाआड. बोअरचं पाणी जड असल्यानं महिन्यातून एकदा दुप्पट पाणी देऊन साचलेले क्षार धुऊन काढले. दुपारी पानांवर पाणी शिंपडण्याचा मोह आवरावा. जड पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि संध्याकाळी शेंड्यात थांबलेलं पाणी कोंबकुजीला वाट देतं.

खत या काळात काहीच दिलं नाही. मुळं नसलेल्या झाडाला खत म्हणजे मीठ. मेच्या शेवटी फक्त एकदा लोह दिलं: ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, १० ग्रॅम १० लिटर पाण्यात, मुळाशी. दुकानात बहुधा ईडीटीए प्रकारचं मिळतं. ते चुनखडीच्या, साडेसहाच्या वरच्या सामूच्या मातीत टिकत नाही. पाकिटावर वाचून घ्या.

नवतप्यात दोन पानांची टोकं जळाली. मधलं पान मात्र जूनच्या सुरुवातीला उघडलं, आणि ते पूर्ण हिरवं होतं.

जुलै: उंचवटा

मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, माती आतून ओली आणि उबदार झाली, तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाड अंगणात आलं. जागा बदलली. आधीची जागा टिनाच्या छपराच्या वळचणीखाली होती. पावसात धार पडायची आणि उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत झळ टाकायची. नवी जागा घराच्या ईशान्येला, भिंतीपासून आठ फूट.

खड्डा घेतलाच नाही. दोन मीटर व्यासाच्या गोलातली जमीन कुदळीनं सहा इंच उकरून ढेकळं मोडली, म्हणजे वरच्या आणि खालच्या मातीत गुळगुळीत सांधा राहत नाही. त्यावर दीड फूट उंचीचा उंचवटा, माथ्याला सव्वा मीटर रुंद. एवढ्याला मोकळं मिश्रण साधारण ४० घनफूट लागतं, म्हणजे अर्ध्या ब्रासच्या आत. प्रमाण: तांबूस मुरूम ५ भाग, अंगणातलीच काळी माती ३, जाडी वाळू १, कुजलेलं शेणखत १. काळी माती पूर्ण टाळायची नाही. तिच्याशिवाय उंचवटा उन्हाळ्यात पाणी धरत नाही आणि मुळं पुढे खाली उतरायला कचरतात. कडेला दगडगोटे कोरडेच रचले. सिमेंट लावलं तर पुन्हा टाकं तयार.

शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी ५० ग्रॅम मिसळून आठवडाभर सावलीत ओलसर ठेवलं होतं. मिश्रणावर सोयाबीनचं कुटार तीन इंच पसरलं, बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी सोडून. कुटार खोडाला टेकलं की उधई चढते. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे तुकडे आच्छादनाला वापरू नका, त्या उधईला आमंत्रणच असतात.

घराच्या मागे उकिरडा होता आणि त्याकडे लक्ष देणं भाग होतं. गेंडा भुंगा त्याच शेणात वाढतो आणि पावसाळ्यात पामच्या शेंड्यात शिरतो. पान उघडल्यावर त्यात कात्रीनं कापल्यासारखी पाचर दिसली की तो येऊन गेला असं समजायचं. उकिरडा पालथा करून पांढऱ्या, सी-आकाराच्या अळ्या वेचून कोंबड्यांना घातल्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि दरवर्षी मे-जूनमध्ये करावा.

शेतीच्या घरांत आणखी एक धोका असतो, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: फवारणीचा पंप. सोयाबीन किंवा कपाशीत तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून त्यातून पामवर औषध मारलं की पुढची पानं वाकडी, आखूड येतात आणि पुन्हा लोकांना रोग शोधावा लागतो. बागेसाठी पाच लिटरचा वेगळा पंप ठेवा.

खत तीन हप्त्यांत: जुलैअखेर, सप्टेंबर, फेब्रुवारीअखेर. या आकाराच्या झाडाला वर्षाला अमोनियम सल्फेट १०० ग्रॅम, सल्फेट ऑफ पोटॅश १५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ८० ग्रॅम, मँगनीज सल्फेट १५ ग्रॅम. तिसरा-तिसरा भाग, बुंध्यापासून दीड फुटावर गोल पसरून, ओल्या मातीत. युरियापेक्षा अमोनियम सल्फेट इथल्या चुनखडीच्या मातीत बरं. डीएपीची मूठ टाकायची सवय इथे घातक आहे: जास्तीचं स्फुरद लोहाला बांधून टाकतं आणि ज्या रोगासाठी एवढं केलं तोच परत येतो.

पुढचं वर्ष

दिवाळीपर्यंत तीन नवी पानं आली, तिसरं पूर्ण हिरवं. हिवाळ्यात शेंड्याला काहीही बांधलं नाही. पाणी दहा-बारा दिवसांनी, १० लिटर, सळई पाहूनच. डिसेंबर-जानेवारीत मार्करची रेघ महिन्याला सेंटिमीटरभर सरकली. एवढीच अपेक्षा ठेवायची. एकही पान थंडीनं गेलं नाही.

उन्हाळ्यासाठी मार्चच्या मध्यात चार बांबूंवर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधली: पानांच्या वर दोन फूट अंतर, पश्चिमेला आणि दक्षिणेला खाली सोडलेली, पूर्वेला आणि उत्तरेला उघडी. जाळी झाडाला गुंडाळली तर आत झळ कोंडते. ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर बसवले. अडीच तास चालवले की २० लिटर होतात. मेमध्ये उंचवटा जमिनीपेक्षा लवकर सुकतो, तेव्हा ते एक दिवसाआड लागले. पश्चिमेच्या दोन पानांची टोकं चार-चार बोटं जळाली. विदर्भातल्या विंडमिल पामला एवढं जळणं दरवर्षी होणार, आणि ज्यांना डाग नसलेलं पान हवं आहे त्यांनी ही जात घेऊ नये.

दिवसभर उघड्या उन्हाची जागा असेल तर दुसरा पाम निवडावा असं आम्ही स्पष्ट सांगू. आपली शिंदी आहेच: नाल्याकाठी, धुऱ्यावर उभी, थंडी आणि ऊन दोन्ही पचवणारी, काळ्या मातीची सवय असलेली. अंगणाच्या कोपऱ्यात तिला जागा द्यायला लोक कचरतात, कारण ती 'रानटी' वाटते. पण खोड स्वच्छ ठेवलं आणि खालची काटेरी पानं वेळेवर काढली तर तिच्यासारखा देखणा पाम नाही. फक्त मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर लावू नका, काटे डोळ्याच्या उंचीवर येतात. पंख्याच्या आकाराचं पानच हवं असेल तर भूमध्य सागराकाठचा कॅमेरॉप्स किंवा वॉशिंगटोनिया उन्हाला जास्त चिवट आहेत, उंचवटा मात्र त्यांनाही लागेल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, बोअरच्या पाण्यावर विंडमिल पाम लावूच नये. तिथे छपराचं पावसाचं पाणी साठवण्याची सोय असेल तरच विचार करावा.

रोपवाटिकेत नावाची गल्लत नेहमी होते, म्हणून रोप हातात घेऊन पाहा. विंडमिल पामच्या खोडाभोवती तपकिरी काथ्याचं दाट जाळं असतं आणि देठाच्या कडेला हाताला लागतील न लागतील असे बारीक दाते. देठावर मोठे, वाकडे, नारिंगी काटे आणि पानांच्या फटींत पांढरे दोरे लोंबत असतील तर ते वॉशिंगटोनिया. पानांची टोकं दुभंगून झिपऱ्यांसारखी खाली लोंबत असतील तर तो लिव्हिस्टोना, जो फॅन पाम म्हणून सर्रास विकला जातो. मग पिशवी आडवी करून बुंधा हलवा. बुंधा मातीत डुगडुगत असेल तर रोप नुकतंच पिशवीत भरलेलं आहे; ते घेऊ नका.

या अंगणातला उंचवटा पहिल्या पावसाळ्यानंतर तीन बोटं खचला. खचणारच, शेणखत कुजतं आणि मुरूम बसतो. दुसऱ्या जूनमध्ये तेच मिश्रण पाच-सहा घमेली कडेनं टाकलं, बुंध्यापासून फूटभर लांब. माथ्यावर टाकलं नाही, कारण त्यानं बुंधा पुन्हा पुरला जातो. बुंध्याजवळ उघडी पडलेली जाड मुळं तशीच राहू दिली, त्यांच्यावर फक्त कुटाराचा पातळ थर दिला. जाळी आणखी दोन उन्हाळे लागेल. झाडाचं खोड कमरेएवढं झालं आणि मुळं उंचवट्याबाहेरच्या जमिनीत उतरली, की आधी पूर्वेकडचे बांबू काढायचे आणि पश्चिमेकडचे सगळ्यात शेवटी.